आधी आपले निदान, मग यंत्राचे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



संयोजकांनी 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपला महाविद्यालयीन विद्यार्थी' या विषयावर आम्हांस बोलावयास सांगितले. समोर बसलेल्या संगणक अभियंत्यांची संख्या पाहता हे धाडसच म्हणावयाचे. आमचा व्यवसाय वैद्यकाचा. यंत्राच्या पोटात काय चालते ते या सभागृहातील निम्मी मंडळी आमच्यापेक्षा अधिक जाणतात. तरीही आम्ही होकार दिला. दुसऱ्याचे मत केव्हा घ्यावे, किती मानावे आणि त्याखाली आपली सही केव्हा करावी, हा प्रश्न डॉक्टरला रोज पडतो, आणि तरुण डॉक्टरांना तो सोडवावयास शिकविणे हे आमचे कित्येक वर्षांचे काम आहे.

गेल्या काही वर्षांत कोठेही चार कुटुंबे जमली की पालक आम्हांस विचारतात, "डॉक्टरसाहेब, मुलांना हे चॅटजीपीटी वापरू द्यावे की नाही?" मुलांचा प्रश्न निराळा असतो. ती हळूच बाजूला येऊन विचारतात, "काका, प्रोफेसरांना कळते का हो?" पालकांच्या प्रश्नाचा काळ उलटून गेला आहे. ज्याच्या खिशात फोन आहे त्याच्या खिशात हे यंत्र आहे, आणि वसतिगृहातील खोलीत डोकावावयास आपण जाणार नाही. मुलांच्या प्रश्नाबद्दल आम्ही एवढेच म्हणू की, पकडले जाऊ काय, ही चिंता विद्यार्थ्याला शोभणारी नाही. विद्यार्थ्याने स्वतःला विचारावयाचे ते असे: या अभ्यासातील कोणते कष्ट मला शिकवितात आणि कोणते कष्ट केवळ ओझे आहेत? ज्या कष्टांतून शिकणे घडते ते दुसऱ्याच्या हवाली केले तर पदवी हाती येईल, पण विद्या येणार नाही.

प्रथम या यंत्राचे स्वरूप थोडक्यात पाहू. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. त्यामागील रचना गूगलच्या संशोधकांनी २०१७ साली मांडली होती. अफाट मजकूर वाचवून घेऊन, दिलेल्या शब्दांपुढे कोणता शब्द येणे अधिक संभवनीय आहे याचे गणित या यंत्राला शिकविले जाते. नंतर माणसांच्या पसंती-नापसंतीनुसार त्याला वळण लावले जाते. आपल्यापैकी कोणालाही "नाचता येईना" एवढे म्हटले की तो "अंगण वाकडे" म्हणून मोकळा होतो. त्याने अंगण पाहिलेले नसते. अंगण सरळ आहे की वाकडे, याची चौकशी त्या उत्तरात नाही. कान आणि जीभ यांच्या सवयीतून ते उत्तर आले आहे. आता हीच सवय कोट्यवधी पानांच्या वाचनावर उभी करा. अशा सवयीतून गणिते सुटतात, आज्ञावली लिहिल्या जातात, अवघड लेखाचा सारांश निघतो. हे सामर्थ्य लहान नव्हे आणि त्याची टवाळी करण्यात अर्थ नाही. २०२३ च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अमेरिकेत डॉक्टर होण्यासाठी ज्या तीन परीक्षा द्याव्या लागतात त्यांत चॅटजीपीटी उत्तीर्ण होण्याच्या रेषेवर किंवा तिच्या आसपास पोहोचले होते. आम्ही त्या परीक्षांसाठी किती रात्री जागलो ते आठवून गंमत वाटली. पण उत्तर बरोबर आले तरी यंत्राने अंगण पाहिलेले नसते, आणि उत्तर चुकले तरी त्याच्या आवाजात किंचितही फरक पडत नाही. आजाऱ्याच्या घरी आलेला अनुभवी वैद्य अडखळतो, थांबतो, "खात्री नाही, उद्या पुन्हा पाहू" म्हणतो. यंत्राचा स्वर बहुधा सारखाच ठाम असतो. स्वरावरून सत्य ओळखावयाची आपली जुनी रीत येथे चालत नाही.

२०२३ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात याची साक्षच नोंदली गेली. एका प्रवाशाने विमान कंपनीविरुद्ध लावलेल्या दाव्यात त्याच्या वकिलांनी पूर्वीच्या निवाड्यांचे दाखले दिले होते. पक्षकारांची नावे होती, न्यायालये होती, तारखा होत्या, निवाड्यांतील उतारेही होते. फक्त ते निवाडे झालेलेच नव्हते. चॅटजीपीटीने ते रचले होते. यातील शिकण्यासारखा भाग पुढे आहे. हे निवाडे खरे आहेत काय, असे वकिलाने त्याच यंत्राला विचारले, आणि यंत्राने होकार दिला. साक्षीदारालाच विचारावयाचे की तू खरे बोलतोस ना, आणि त्याने हो म्हटले की खटला संपला! न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. त्यानंतर यंत्रे सुधारली. आता ती महाजालावर शोध घेतात, उत्तराखाली दुवे देतात. पण दुवा उघडून वाचावा लागतोच. कधी दुवा खरा असतो आणि त्यातील मजकूर भलताच असतो. संशोधनपत्रिकेतील लेख असतो, परंतु निष्कर्ष उलटा असतो.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

रुग्णालयात सकाळच्या फेरीला शिकाऊ डॉक्टर हातात अहवाल घेऊन येतो आणि सांगतो, "छातीच्या फोटोत न्यूमोनिया आहे." आम्ही तो अहवाल पालथा ठेवावयास सांगतो. रुग्ण काय म्हणाला? खोकला केव्हापासून? ताप आधी की धाप आधी? पाय सुजले आहेत काय? तू स्वतः छातीला नळी लावलीस तेव्हा काय ऐकलेस? तुझ्या मते कोणकोणते आजार संभवतात आणि कोणत्या क्रमाने? हे सर्व त्याने सांगितले, शक्यतो लिहिले, की मग अहवाल उलटावयाचा. तरुणांना हा छळ वाटतो. यामागे कारण आहे. टव्हर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिले की, माणसापुढे एखादा आकडा प्रथम आला की त्याचा स्वतःचा अंदाज त्या आकड्याला नांगर टाकल्यासारखा अडकून राहतो. वैद्यकात आम्हांला हा नांगर फार महागात पडतो. प्रवेशाच्या कागदावर कोणीतरी 'आम्लपित्त' असे लिहिलेले असते. पुढचा प्रत्येक डॉक्टर आम्लपित्ताच्याच नजरेने पाहतो, आणि हृदयविकाराचा झटका नजरेतून निसटतो. विशेषतः स्त्रियांच्या आणि मधुमेहींच्या बाबतीत, कारण त्यांच्या तक्रारी पुष्कळदा पुस्तकाबरहुकूम नसतात.

यंत्राचे उत्तर हा असाच नांगर आहे, आणि फार गुळगुळीत नांगर आहे. प्राध्यापकांनी निबंधाचा विषय दिला. विद्यार्थ्याने तो जसाच्या तसा यंत्राला दिला. यंत्राने पाच मुद्दे काढून दिले. आता विद्यार्थी कितीही प्रामाणिक असला, प्रत्येक वाक्य स्वतः लिहिणार असला, तरी सहावा मुद्दा त्याला सुचणे कठीण. आणि त्याच्या वर्गातील तीस जणांना तेच पाच मुद्दे मिळालेले असतात. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे की क्रम बदला. आधी कोरा कागद घ्या. मोडक्यातोडक्या भाषेत, मराठीत लिहावेसे वाटले तर मराठीत, दहा ओळी लिहा: मला काय वाटते, का वाटते, कोठे मला माहीत नाही. मग यंत्राकडे जा, आणि तेही "लिहून दे" म्हणावयास जाऊ नका. "माझ्या युक्तिवादात कच्चे काय आहे? विरुद्ध बाजूचा वकील काय म्हणेल?" असे विचारा. तेच यंत्र, पण पहिल्या प्रसंगी तुम्ही त्याचे लेखनिक असता आणि दुसऱ्या प्रसंगी ते तुमचे परीक्षक असते.

हे केवळ आमच्या वयाचे मत आहे असे कोणी समजू नये. तुर्कस्तानात एका माध्यमिक शाळेतील जवळजवळ हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या विषयात प्रयोग झाला. तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत २०२५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचे, विचारताच उत्तर देणारे यंत्र दिले. सरावाच्या वेळी त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांनी यंत्र कधी वापरलेच नव्हते त्यांच्यापेक्षा हे विद्यार्थी १७ टक्क्यांनी मागे पडले. आपण कमी शिकलो याची त्यांना जाणीवही नव्हती. दुसऱ्या गटाला दिलेले यंत्र उत्तर न देता केवळ शिक्षकांनी तयार केलेल्या सूचना देणारे होते. सरावात त्या गटाने १२७ टक्क्यांची झेप घेतली, आणि परीक्षेत तो मागे पडला नाही. म्हणजे दोष यंत्राचा म्हणावा तर दुसरा गट साक्षीला उभा आहे. हार्वर्डमधील संगणकशास्त्राच्या प्रसिद्ध प्रारंभिक अभ्यासक्रमात २०२३ पासून असेच एक सहायक यंत्र ठेवले आहे. ते विद्यार्थ्याला थेट उत्तर न देता उत्तराकडे नेते.

आमच्या व्यवसायातील उदाहरण याहून बोचरे आहे, कारण ते विद्यार्थ्यांचे नाही, मुरलेल्या डॉक्टरांचे आहे. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करताना, पुढे कर्करोगात रूपांतरित होऊ शकणाऱ्या गाठी शोधण्यास आता कृत्रिम बुद्धिमत्ता मदत करते. पडद्यावर संशयास्पद जागेभोवती चौकट उमटते. पोलंडमधील चार केंद्रांत हे यंत्र आल्यानंतर काय झाले, याचा अभ्यास ऑगस्ट २०२५ मध्ये 'लान्सेट'च्या पोटविकारविषयक पत्रिकेत आला. यंत्र येण्यापूर्वी हे डॉक्टर १०० पैकी सुमारे २८ रुग्णांत अशा गाठी शोधीत. यंत्राची सवय लागल्यावर, ज्या तपासण्या यंत्राविना झाल्या त्यांत हे प्रमाण सुमारे २२ वर आले. या डॉक्टरांनी प्रत्येकी दोन हजारांहून अधिक तपासण्या केलेल्या होत्या. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यावरून शेवटचा निकाल देता येणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु दोन हजार तपासण्यांनी कमावलेली नजर काही महिन्यांत मंद होत असेल, तर ज्याची नजर अजून घडावयाचीच आहे त्याने किती जपावे!

मागच्या महिन्यात द्वितीय वर्षाच्या एका चुणचुणीत विद्यार्थिनीने आम्हांस अडविले. "काका, कॅलक्युलेटर आला तेव्हाही मोठी माणसे असेच म्हणत होती ना?" मुद्दा बिनतोड वाटतो आणि अर्धा खरा आहे. वर्गमूळ हाताने काढता न आल्याने आज कोणाचे अडत नाही. परंतु कॅलक्युलेटरला कोणती दोन संख्या द्यावयाच्या आणि त्यांचा गुणाकार करावयाचा की भागाकार, हे तुम्हालाच ठरवावे लागते. विचाराचा भाग तुमच्याकडे राहतो. शिवाय सात गुणिले आठ किती, याचे उत्तर तुम्ही रागावून विचारले तरी छप्पन्न आणि लाडाने विचारले तरी छप्पन्नच येते. या नव्या यंत्राचे तसे नाही. विचारणाऱ्याचा कल पाहून बोलावयाचा दोष त्यात आहे. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक आवृत्ती इतकी तोंडपुजी झाली की तिच्या निर्मात्यांनाच ती मागे घ्यावी लागली. आम्ही शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या आठवड्यात सांगतो की रुग्णाला "छातीत दुखते ना?" असे विचारू नका, तो भिडेपोटी "हो" म्हणेल. "काय होते ते सांगा," असे विचारा. यंत्रालाही तोच नियम लावावा. "आरक्षणाचे दुष्परिणाम लिही" आणि "आरक्षणाचे लाभ लिही" असे दोन वेगवेगळ्या खिडक्यांत विचारून पाहा. दोन्हीकडे तीच ऐट, तोच आत्मविश्वास. दोन्ही उत्तरे समोर ठेवली की यंत्राला मत नाही हे दिसते, आणि मत बनविण्याचे काम आपल्याकडे परत येते.

आरक्षणाचा उल्लेख आलाच आहे, तर या सभेला जवळचा असलेला भाग सांगतो. यंत्राने जे वाचले त्यातून ते घडले. मग प्रश्न येतो की ते कोणी लिहिले होते, आणि कोणाचे लिहिलेले त्यात नव्हते?

वैद्यकात हा प्रश्न आम्ही बोटाला लावावयाच्या साध्या उपकरणापासून शिकलो. कोरोनाच्या साथीत रक्तातील प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर घराघरांत गेला. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दाखवून दिले की, उपकरणाने प्राणवायू ठीक दाखविला असता प्रत्यक्षात तो धोकादायकरीत्या कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. उपकरणाच्या मनात द्वेष नव्हता. त्याला मनच नव्हते. गडद त्वचेतून प्रकाश कसा जातो याचा पुरेसा विचार ते घडविताना झाला नव्हता, एवढेच. पण गुदमरणाऱ्या रुग्णाला त्या 'एवढेच'चा काय उपयोग?

आता आपल्याकडे पाहा. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या नियतकालिकाने चॅटजीपीटीच्या त्या वेळच्या नव्या आवृत्तीची परीक्षा घेतली. गाळलेल्या जागा भरावयाची १०५ वाक्ये होती. प्रत्येक जागी 'ब्राह्मण' किंवा 'दलित' यांपैकी एक शब्द निवडावयाचा. विद्वान कोण, मैला उपसणारा कोण, अशा धर्तीची वाक्ये. ८० वाक्यांत यंत्राने जुन्याच पूर्वग्रहाचा शब्द निवडला. विशेष असे की आधीची आवृत्ती अशा पुष्कळ वाक्यांना उत्तर देण्यास नकार देत असे. नवीने जवळजवळ कधीच नकार दिला नाही. त्याच वृत्तांतात आणखी एक हकीकत आहे. भारतातील एक दलित समाजशास्त्रज्ञ बंगळूर येथील अधिछात्रवृत्तीसाठी अर्ज करीत होता. इंग्रजी सफाईदार करावे म्हणून त्याने तो मजकूर यंत्राला दिला. भाषा सुधारली, आणि त्याचे आडनाव बदलून 'शर्मा' झाले.

बंधू-भगिनींनो, आडनाव विचारले जाण्याचा अर्थ या सभागृहात कोणाला समजावून सांगावयास नको. आडनाव सांगताच समोरच्याचा आवाज कसा बदलतो, ते आम्ही शिकत असताना वसतिगृहांतून ऐकले आहे. येथे तर विचारणेही नाही. सुशिक्षित माणसाचे आडनाव असेच असणार, हे गृहीतच धरलेले. आमच्या मते याला यंत्राचा कट समजण्याचे कारण नाही. 'नाचता येईना'पुढे 'अंगण वाकडे' आले, त्याच वाटेने 'विद्वान'पुढे 'शर्मा' आले. समाजाने जे पुन्हा पुन्हा लिहिले ते यंत्राने पुन्हा म्हणून दाखविले. म्हणून आपल्या विद्यार्थ्याने यंत्राचे प्रत्येक उत्तर वाचताना एक प्रश्न जवळ ठेवावा: येथे कोण नाही? महाराष्ट्रातील समाजसुधारणेवर विचारले असता कोणाची नावे प्रथम आली, कोणाची शेवटी 'इत्यादी'त गेली? आमच्या आज्यांनी जात्यावर म्हटलेले, गावकुसाबाहेरच्या माणसांनी सांगितलेले, लहान गावांतील पत्रकांत छापून विरलेले बहुतेक काही महाजालावर नाही. आणि जे तेथे नाही ते यंत्राने वाचलेले नाही. त्या बाबतीत घरातील वडीलधारे अधिक विश्वसनीय स्रोत आहेत, फक्त त्यांना विचारावे लागते आणि ऐकावयास वेळ काढावा लागतो.

याच अन्यायाचे दुसरे टोकही आपल्या मुलांना लागते. यंत्राने लिहिले की माणसाने, हे ओळखण्याचा दावा करणाऱ्या आज्ञावल्या बाजारात आहेत आणि काही प्राध्यापक त्यांवर विसंबतात. स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी २०२३ साली अशा सात आज्ञावल्या तपासल्या. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरीने ६१ टक्के निबंध या आज्ञावल्यांनी यंत्राचे ठरविले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र बहुतेक बिनचूक ओळखले. साधे, जपून लिहिलेले, मोजक्या शब्दांचे इंग्रजी हाच गुन्हा ठरला. चॅटजीपीटीच्या निर्मात्यांनी स्वतःची अशी आज्ञावली जानेवारी २०२३ मध्ये आणली आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये मागे घेतली. तेव्हा भारतातून येथे शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यांनी विशेष सावध असावे. शिस्तभंगाच्या कारवाईत विद्यापीठातून काढले गेले तर प्रश्न केवळ गुणांचा राहत नाही, व्हिसाचाही होतो. निबंध अशा ठिकाणी लिहावा की जेथे मसुद्याचे जुने टप्पे तारीख-वेळेसह जपले जातात. ती हाताने लिहिलेली दहा ओळींची चिठ्ठीही ठेवावी. आणि प्रत्येक विषयाचा पाठ्यक्रम-पत्रक नीट वाचावे. एका वर्गात मुभा असते, शेजारच्या वर्गात संपूर्ण बंदी. बंदी असेल तेथे ती पाळावी, त्यात वाद नाही. आणखी एक गोष्ट वैद्यकीय आणि परिचर्या अभ्यासक्रमांतील मुलांसाठी: रुग्णाची माहिती, नाव गाळून का होईना, सार्वजनिक यंत्राला देऊ नये. रुग्णाच्या गोपनीयतेचा कायदा या देशात १९९६ पासून आहे, आणि नाव गाळले तरी वय, गाव आणि दुर्मीळ आजार एवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

इतके ऐकून कोणी म्हणेल की डॉक्टर यंत्राच्या विरुद्ध बोलावयास उभे राहिले. तसे नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढते, त्या घरातील मुलाची अडचण आम्हांस ठाऊक आहे. प्राध्यापकांना विचारावे तर इंग्रजी अडते. सोबत्यांना विचारावे तर हसतील ही भीती. घरी विचारावे तर आईवडिलांना विषयाचे नावही परके. शंका मनातच राहते आणि तिच्यावर पुढच्या दहा शंकांचे थर चढतात. आमच्या वेळी एखादा सहृदय ग्रंथपाल भेटला तर भाग्य. आज रात्री दोन वाजता, कोणी हसण्याची भीती न बाळगता, तीच शंका सात वेळा विचारता येते, मराठीतही विचारता येते. ज्यांच्या घरी शिकवणी लावण्यास पैसे होते त्यांना हे नेहमीच उपलब्ध होते. आता ते इतरांना मिळते आहे. ही सवलत आपल्या मुलांनी अवश्य घ्यावी. फक्त मुलाखतीच्या खोलीत, प्रयोगशाळेत आणि रुग्णाच्या खाटेशी ती सवलत बाहेर ठेवून जावे लागते, आणि तेथे आपल्या मुलांना संशयाचा फायदा सहसा मिळत नाही.

चिकित्सक विचार ही काही काल आलेली कल्पना नव्हे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचा 'हाऊ वुई थिंक' हा ग्रंथ १९१० साली निघाला. कोणतीही समजूत स्वीकारण्यापूर्वी तिला आधार काय आणि ती मानली तर पुढे काय निष्पन्न होते, हे चिकाटीने तपासावे; तोवर निर्णय लांबणीवर टाकण्याची अस्वस्थता सोसावी, असा त्यातील विचाराचा गाभा. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात आले आणि याच ड्यूईंच्या वर्गांत बसले. ती अस्वस्थता सोसण्याची सवय हे यंत्र नेमकी मोडते. प्रश्न उमटताच उत्तर हजर असल्यावर अस्वस्थ राहावयास वेळच कोठे मिळतो?

आता भाषण आवरते घेऊन कामाचे बोलतो. डिसेंबरच्या सुट्टीत मंडळातर्फे दोन शनिवार विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग घ्यावा असे ठरले आहे. प्रत्येकाला तीन कागद मिळतील. पहिल्यावर स्वतःचे उत्तर, यंत्र बंद ठेवून. दुसऱ्यावर यंत्राचे उत्तर, जसे आले तसे. तिसऱ्यावर मूळ साधनात जे सापडले ते, ग्रंथ आणि पानासह. पहिला प्रश्न आपण सर्व ज्या त्रिसूत्रीच्या घोषणा देतो तिचाच ठेवला आहे: जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी जे भाषण केले, त्याच्या इंग्रजी पाठात या तीन शब्दांचा क्रम काय आहे, आणि आपल्या मराठी घोषणेत तो काय आहे? यंत्राला विचारा, वडिलांना विचारा, आणि मग ग्रंथ उघडा. 'बाबासाहेब म्हणाले' असे म्हणून पुढे वाटेल ते जोडण्याची खोड यंत्राच्या आधीपासूनची आहे आणि व्यासपीठांवरही पुष्कळ आहे, तेव्हा या वर्गाला वक्त्यांनीही यावयास हरकत नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले भाषणांचे व लेखनाचे खंड आम्ही गाडीत घालून आणू. लॅपटॉप आपापले आणावेत. येणाऱ्यांनी नावे चहाच्या टेबलावर ठेवलेल्या वहीत लिहावीत. आजी-आजोबांपैकी कोणी येणार असतील तर तेही लिहावे, म्हणजे खुर्च्यांची सोय करता येईल.